दिवे लागल्यावर विरजण

९ जाने.
रिपोर्ट आला. चाळीस घरांतल्या विरजणांचा. महर्षींनी माझ्याआधी उघडला. (महर्षी म्हणजे माझे गाईड. वहीबाहेर सर.) चाळीसपैकी सव्वीस घरांत एकच जिवाणू, जनुकक्रम अक्षर न अक्षर सारखा. खुर्चीतून उठलेच. "सोयगाव तालुक्याची आदिमाता सापडली!" पाच वर्षांत या माणसाने सोयगाव बघितलेलं नाही. पेढे मागवले. आणायला मलाच पिटाळलं.

पेढे खायला बाजूच्या डिपार्टमेंटचे दोघं आले. त्यांना माझं काम सांगताना महर्षी म्हणाले, "दह्यावर आहे." दह्यावर! मुलगी सासरी जाताना आईचं विरजण नेते. त्यातले जिवाणू नव्या घरात जातात, माणसांच्या पोटात वस्ती करतात, पिढ्यानपिढ्या माणूस त्यांना बदलतो आणि ते माणसाला. हे किती झालं, कसं झालं, ते शोधायचं. त्यासाठी मी दारोदार डब्या वाटल्या, विरजणाची एक आणि संडासची एक. अर्ध्या तालुक्यात मला संडासवाली मॅडम म्हणतात. आणि हे म्हणे दह्यावर.

११ जाने.
सव्वीस घरं. वेगळी गाडगी, वेगळ्या म्हशी, तीन-तीन पिढ्या. आणि एक अक्षर इकडचं तिकडं नाही? माझं आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं नाकसुद्धा सारखं नाही.
महर्षींना सांगितलं. "निगेटिव्ह विचार करू नकोस." झालं. एवढं मार्गदर्शन या महिन्याला पुरे.

१२ जाने.
नमुन्यांच्या फ्रीजरमध्ये फॅमिली पॅक आइस्क्रीम. महर्षींच्या घरी वाढदिवस आहे. माझ्या डब्या खाली सरकवून ठेवलेल्या. ज्यांच्या पोटातलं डब्यांत आहे त्या बायकांना हे कळलं तर हसतील. मला हसू आलं नाही.

१६ जाने.
अस्लमभाईंना शहागंजातून तीन प्रकारची दह्याची पाकिटं आणायला सांगितली. लॅब अटेंडंट आहेत, पण या इमारतीत काम येणारा माणूस तो एकच. पाकिटं टेबलावर ठेवून म्हणाले, "क्या मॅडम, खानेकू मंगाए की पढनेकू?"
पढनेकू. आज तपासायला पाठवली. महर्षींना बोलले नाही.

२ फेब्रु.
निळं पाकीट. तेच. अक्षर न अक्षर.
अस्लमभाईंना दाखवलं. बराच वेळ दोन्ही कागद शेजारी धरून बघितले त्यांनी. "मतलब, आदिमाता दुकान से आई."
खूप हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. पाच वर्षं! एकतिसावं लागलं मला, आणि मी गावोगाव फिरून पाकिटातलं दही गोळा केलं.

३ फेब्रु.
महर्षींचं म्हणणं, क्रमाने:
१. कंपनीनेच तो जिवाणू सोयगावातून नेला असेल.
२. बरं, नसेल नेला. पण पाकिटं तपासायला कुणी सांगितलं होतं?
३. थिसिसमध्ये पाकिटाचा उल्लेख कशाला? समितीत कोण विचारणार आहे?
तिसरं खरं आहे. समितीत कुणी काही विचारत नाही. मागच्या वेळी एकाने फॉन्ट लहान आहे म्हणून सांगितलं आणि चहा आला.
२० तारखेला प्री-सबमिशन, म्हणजे समितीपुढे सादरीकरण. आदिमाता दाखवली तर जूनपर्यंत डॉक्टर. नाही दाखवली तर महर्षींची सही नाही, आणि माझी मुदतवाढ आधीच एकदा झालीय.

५ फेब्रु., सोयगाव
आई. म्हणजे नमुना क्र. ७. निळं पाकीट.
सगळ्यांत आधी तिलाच विचारलं होतं मी, पाच वर्षांपूर्वी. "माझ्या आईचं इरजण हाय, तिच्या आईकडून आलेलं." फॉर्मवर केवढ्या कौतुकाने लिहिलेलं: ३+ पिढ्या.
आज परत विचारलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.
"सांगितलं की तव्हा."
"आई, खरं सांग."
"तुला कावीळ झालती, तव्हा महिनाभर शहरात तुझ्याकडंच व्हते ना मी. आले तं गाडग्यात बुरशी. दूध तापलेलं, दिवे लागलेले. दिवे लागल्यावर इरजण कोन देतंय? लक्ष्मी जाती म्हनत्यात. मंग तुझे पप्पा गेले दुकानात."
म्हणजे आईचं विरजण माझ्या काविळीने मेलं. आणि त्याच काविळीतून उठून मी आजारपणात वाचलेल्या लेखांवरून हा विषय घेतला. वा.
"मग मला का नाही सांगितलंस?"
"तू लई आशेनं इचारलंस. आन तुझ्या कागदावर इकतच्याला जागाच नव्हती."

६ फेब्रु., सोयगाव
अकरा घरं फिरले. सगळीकडे तेच, फक्त निमित्त वेगळं. कुठं बाळंतपण, कुठं लग्नाला गेलेले, कुठं मांजराने गाडगं पाडलं. दूध संध्याकाळी तापतं, विरजण तेव्हाच लागतं, आणि नेमकं तेव्हाच कुणी कुणाला द्यायचं नाही! घरातली लक्ष्मी जपायला सगळ्यांनी दार लावून घेतलं आणि मागच्या दाराने पाकीट आलं. मीही याच गावची. लहानपणी दिवेलागणीला वाटी घेऊन गेले होते तर शेजारच्या काकूंनी हात हलवत परत पाठवलं होतं. हे मला माहीत होतं. पाच वर्षांत एकदाही आठवलं नाही, कारण लेखांत नव्हतं.

माझा फॉर्म काढून बघितला. विरजण किती पिढ्यांचं? दोन / तीन / तीनपेक्षा जास्त. बस. महर्षींना नावं ठेवते मी. हा फॉर्म महर्षींनी नाही केला. मी केला, शहरात बसून, इंग्रजीतून मराठीत आणून, त्यावर खूश होऊन. बायकांना वाटलं, पीएचडीवाली पोर विचारतेय, तर तिला हवं ते द्यावं. पाहुण्याला देतात तसं दिलं.

७ फेब्रु., सोयगाव
राहिलेली चौदा घरं, पाकीट न निघालेली. सहा घरांत गेले. तिथं आधी सगळ्यांनी दार लोटून घेतलं. मग एक नाव. कौसाबाई.
वरच्या आळीतली विधवा. आईसुद्धा तिच्या दारी जात नाही, का ते कुणालाच नीट सांगता येत नाही. तिचा नमुना माझ्याकडे आहे, क्र. ३१. किती पिढ्यांचं विचारल्यावर म्हणाली होती, "काय ठावं बाई, लई जुनं." मी शेरा मारलेला: माहिती अविश्वसनीय.
आज विचारलं, दिवे लागल्यावर देता का?
"देते की. कव्हा बी या."
"लक्ष्मी जाते म्हणतात."
"माझ्याकडं आली कव्हा, जायाला?"
त्या सहाही घरांतल्या बायका तिच्याकडून नेतात. पदराखाली वाटी, संध्याकाळी, मागच्या बोळाने. नवऱ्यांना माहीत नाही. मला तेव्हा सगळ्यांनी सांगितलेलं: सासूचं.

१३ फेब्रु.
चौदा घरांची आकडेमोड केली. वंशावळीचं झाड येतंय. खरं झाड. बुडाला कौसाबाई, तिच्यापासून तेरा फांद्या. जिने वीसेक वर्षांपूर्वी नेलं तिच्या जिवाणूत जास्त बदल, जिने परवा-तेरवा नेलं तिच्यात जवळजवळ नाही. आणि त्या घरांतल्या माणसांच्या पोटात तोच जिवाणू, आपापल्या घरच्या बदलासकट. रक्ताने नाही आलेला. आईकडून मुलीकडे नाही. बोळातून आलेला.
खूप दिवसांनी आनंद झाला. सरळ लिहिते: आनंद झाला.

१४ फेब्रु.
महर्षींनी झाड बघितलं. उभं धरून, मग आडवं धरून. "चौदा घरांत काय थिसिस होतो?"
"सव्वीस घरांत पाकीट आहे, सर."
"लोकांना गावाकडची परंपरा आवडते. त्यात तू ही बाई कुठं घुसवतेस?"
ही बाई! पाच वर्षांत कामाबद्दलचा पहिला प्रश्न विचारला, तोही असा. सही केली नाही. जुन्याच स्लाइड आण म्हणाले. त्यांचं नाव मोठं कर, हेही.

१७ फेब्रु.
दोन्ही तयार. जुन्या स्लाइड, नव्या स्लाइड. जुन्या जास्त छान दिसतात, त्यात आजीचा फोटो आहे.
आईला फोन केला. म्हटलं, खरं दाखवलं तर कदाचित सगळंच जाईल. ती म्हणाली, "माझ्यामुळं झालं का गं?" नाही म्हटलं. तरी तीनदा विचारलं. फॉर्मच चुकला माझा, हे तिला सांगून पटत नाही. समितीला पटवणं सोपं असेल.

२० फेब्रु.
साडेदहा. समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितेय. महर्षी आत गेले, माझ्याकडे न बघता. सही नाहीच.

सकाळी पहिल्या एस.टी.ने गावातले एक काका आले, आईने डबा पाठवलेला. स्टीलचा, फडक्यात बांधलेला. लगेच फोन केला.
"कौसाकडून आनलं."
"केव्हा?"
"काल. दिवे लागल्यावर. पुढच्या दारानं गेले." मग आपणहून, "चहा पाजला तिनं."
आई चाळीस वर्षांत त्या दारात गेली नव्हती.

अस्लमभाईंनी डबा उघडला. गच्च लागलंय, एवढ्या हिंदकळण्यातही. बोट घालणार तेवढ्यात मी ओरडले, नमुना आहे तो! "बस थोडा, मॅडम. ये दुकान का नही."

फॉर्मची कोरी प्रत पिशवीत होती. पिढ्यांचा रकाना खोडला. पेनाने दोन नवे आखले.
नमुना क्र. ४१.
कुठून आणलं: कौसाबाईंकडून.
केव्हा: दिवे लागल्यावर.

पेन ड्राइव्हवर दोन्ही फाइली आहेत. आतून नाव पुकारलं. डबा बरोबर घेऊन जातेय.