हात पदराखाली

घाटकोपर,
१२ फेब्रुवारी १९८६

चि. लवूस ताईचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझं कार्ड मिळालं. माझी बोटं आता पेन धरत नाहीत, म्हणून हे सांगून लिहून घेतेय. अक्षर ओळखलंस तर आधी शेवटपर्यंत वाच, मग बोंबल.

रविवारी तुझ्या क्षमाचा साखरपुडा, आणि सख्ख्या आत्याला आमंत्रण काय धाडतोस? ‘ये, पण हात पदराखाली ठेव. विहीणबाईंची ओटी वनमाला भरेल.’ वा रे शहाण्या! आत्या मी जिवंत असताना ओटी तुझी बायको भरणार. बोटं वाकडी माझी आणि लाज तुला!

वर लिहितोस, क्षमाची बोटं सकाळी आखडतात ती आरेच्या गारठ्यानं. इतकी वर्षं डेअरीत काढून एवढीच अक्कल आली? मग तिथल्या म्हशी का नाही रे लंगडत? आईची बोटं वाकली तेव्हा गावच्या देवीचा कोप झाला होता. माझी वाकली तेव्हा धुण्याचा सोडा बाधला होता. आजीचं तर कोणी नावच काढत नाही. मला डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच, घरात आणखी कोणाला? म्हणाले, घराण्यात हा संधिवात असला म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नाही, पण संभव जास्त. लवकर धरलं तर सांधे वाचू शकतात. माझं धरलं ते बोटं वाकून गेल्यावर.

आता म्हणशील, ताई फार शहाणी. नाही रे बाबा. मला बघायला आले तेव्हा आईला शेजारी सोनूबाईंच्या खोलीत बसवलं होतं, आठवतं? पाहुण्यांनी विचारलं, आई कुठाय? ‘गावाला गेलीय’ हे मीच म्हटलं. मधे नुसती फळ्यांची भिंत. आईनं सगळं ऐकलं. ते गेल्यावर आली आणि त्याच वाकड्या हातांनी माझी दृष्ट काढली.

तीस वर्षं झाली, माझी मलाच किळस येते. आणि तू तेच पुन्हा करायला निघालास, तेही पोटच्या पोरीच्या बाबतीत. थू तुझ्यावर!

सोयरीक मोडली तर मोडू दे. ओटी मीच भरणार, उघड्या हातांनी, आणि विचारलं तर सगळं सांगणार. त्याआधी तू सांगितलंस, तर बाप म्हणवून घे.

आईला गावाला धाडणारी,
सुलक्षणा

बाबा, ब्लाउज शिवायला म्हणून आले होते, आत्या दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्यात. हे पत्र लिहिताना चार वेळा थांबावं लागलं. आत्या ओटी भरेल तेव्हा मी तिच्या शेजारी बसणार आहे.

इकडे गारठा अजिबात नाही, बाबा.

क्षमा