पंचवीस नंबरचं घर

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

फोन केला नाही, कारण फोनवर माझं वाक्य तूच पुरं करतेस. कागदावर ती सोय नाही.

काल नववीला भूमिती शिकवत होतो. फळ्याकडे वळलो तशी पाठीमागून कुणीतरी ‘प-प-प’ केलं आणि अख्खा वर्ग हसत सुटला. मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी खाली मान घालून त्यांचा फोन पुढे केला. त्यात तू स्टेजवर, हातात माईक, आणि गोष्ट माझी. बाबा स्वयंपाकघरात कोसळले त्या दुपारी आईने बाहेर पिटाळलं तसा मी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला, घराचा नंबर पंचवीस, आणि माझ्या तोंडून ‘प-प-प’च्या पुढे काही सुटेना. तू सांगतेस, पलीकडचा माणूस म्हणाला, तुमचीच गाडी सुरू होतेय की, मग आमची कशाला? लोक टेबलं बडवतायत.

मी पंधरा वर्षांचा होतो. शेवटी तू, जेमतेम नऊ वर्षांची, माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन नंबर सांगितलास, हे खरं. पण त्यात किती वेळ गेला ते आईला आपण कधीच सांगितलं नव्हतं. गाडी उशिरा आली, एवढंच तिला ठाऊक. आता ते लाखभर लोकांना ठाऊक आहे आणि आईच्या शेजारीणबाई दिवसभर फोन बघत बसतात.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडलीस तेव्हा मी तुझ्या बाजूने आईशी भांडलो. चुकलंच माझं. ते रेकॉर्डिंग काढून टाक. तोवर माझ्या घराची पायरी चढू नकोस.

लोभाचं नंतर बघू.
दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्या बाजूने भांडलास हे आजवर चौथ्यांदा ऐकवलंस. पोचलं.

चौदा महिने मी काय केलं ते तू एकदाही विचारलं नाहीस, तर आता वाच. कॉफीच्या दुकानाचा माळा, वीसेक खुर्च्या, सात मिनिटं. विनोद टोकाला आला की खाली दूध फेसाळायचं यंत्र घुर्र करायचं. चष्म्याच्या दुकानातले माझे किस्से मला सोडून कुणालाच हसवत नव्हते. एका गृहस्थाने खुर्ची उचलून माझ्याकडे पाठ केली. एक बाई नंतर स्वच्छतागृहात माझा हात धरून म्हणाल्या, होतं असं. कार्यक्रम ठरवणाऱ्याने सुचवलं, काही दिवस नुसतं ऐकायला या. मग एका संध्याकाळी चौथ्या मिनिटाला माझ्याकडचं सगळं संपलं, पुढे सांगायला काही उरलं नाही, आणि तोंडातून ती दुपार निघाली. ठरवून नाही. पहिल्यांदा लोक हसले. पुढच्याच आठवड्यात मोठ्या हॉलमध्ये बोलावणं आलं. मी तिथेही तेच सांगितलं. हे मात्र ठरवून.

गोष्ट तुझी, असं म्हणतोस. मी कुठे होते, आठवतंय? तुझ्या पाठीमागे, दाराला टेकून. मी हसत होते, दादा. बाबा आत पडलेले आणि मला हसू आवरेना, म्हणून रिसीव्हर घ्यायला उशीर झाला. तू नुसता अडखळलास. त्याचा विनोद होतो. माझ्या हसण्याचा कसा करायचा ते तू सांग, मग तुझा काढून टाकते.

आईला काय सांगायचं ते थोरल्यांनी ठरवावं, नेहमीसारखं.

कृपा आहेच, तशीच राहू द्या.
धाकटी


१५ मार्च

चि. दोघांस,
अ. उ. आ.

एकच मजकूर दोनदा लिहून दोघांना पाठवत आहे, म्हणजे कुणी म्हणायला नको की दुसऱ्याला जास्त सांगितलं.

शेजारीणबाईंनी दाखवलं. त्या हसल्या आणि मग माझ्याकडे पाहून त्यांनी फोन पालथा ठेवला. मी तीनदा पाहिलं. थोरला त्याच संध्याकाळी आला, दोन तास बसला आणि हवापाण्याच्या गप्पा करून गेला. धाकटीने फोन उचलला नाही, दादाने दार बंद केलंय एवढाच निरोप धाडला. शाबास दोघांची.

मी तीस वर्षं वॉर्डात नर्स होते. नाडी कधी थांबली ते मला कुणी सांगावं लागत नाही. तुमचे बाबा पडले, मी मनगट धरलं, आणि तेव्हाच ते गेलेले होते. छाती दाबून पाहिली, जीव काही परतला नाही. तुम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतात. तुम्ही त्यांना तसं बघू नये म्हणून मी फोन करायला पिटाळलं. गाडी दोन मिनिटांत आली असती की दोन तासांत, मला फरक नव्हता. तुम्ही बाहेर जितका वेळ राहाल तितका मला हवा होता. मी त्यांचे डोळे मिटले, चेहरा पुसला.

तुम्ही दोघं हे उराशी धरून बसला आहात हे मला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. तो माझा गुन्हा. पण भावाच्या जिभेवर पोट भरणं आणि बहिणीला दार बंद करणं, हे गुन्हे माझे नाहीत. या महिन्यात दोघांपैकी कुणीही मला भेटायला येऊ नये. मी रागावले आहे आणि मला नीट रागावू द्या.

जिथे आहात तिथे नीट जेवा.
आई


२६ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

रेकॉर्डिंग काढून टाकलंस ते कळलं. उपयोग नाही, मुलांकडे ते आहेच. काल एकाने पुन्हा ‘प-प-प’ केलं. मी त्याला उभं केलं आणि सांगितलं, मला ‘पायथागोरस’ म्हणायला वेळ लागतो, तोवर तू त्याचं प्रमेय सिद्ध कर. वर्ग हसला, या वेळी माझ्या बाजूने. बरं वाटलं. तू त्या माळ्यावर कशासाठी जातेस ते थोडं समजलं, म्हणून लिहितो. माफ केलं असं समजू नकोस.

तू हसत होतीस ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं. मी कुणाला बोललो नाही. नऊ वर्षांची पोर घाबरून हसते, एवढं पंधराव्या वर्षीही कळत होतं.

आईचं पत्र रोज काढून वाचतो. माझ्या बोलण्याची नक्कल केलीस याचा राग आहे आणि राहील. पण सव्वीस वर्षं दुसरा एक राग मी स्वतःवर धरून होतो. तो आता कुणावर धरायचा ते कळत नाही. हात रिकामे झाल्यासारखे वाटतात.

इतक्यात येऊ नकोस. पत्र मात्र लिही, आणि मोठं लिही.
दादा