सोफा हसला त्याला मी काय करणार

ती. अक्काच्या पायांवर धाकट्याचं डोकं,

तुझे गुडघे कसे आहेत? आणि दुखतो तो डावा की उजवा? मागच्या पत्रात तू उजवा लिहिलं होतंस, आमची लेक फोनवर डावा म्हणाली, तेव्हापासून मी दोन्हींची काळजी करतो आहे. (एकाच गुडघ्याचं नक्की कळलं असतं तर माझा निम्मा त्रास वाचला असता.) मोतीबिंदू पिकला का? डॉक्टर थांबा म्हणतात तर थांब. तुला धीर नाही, लहानपणी झाडावरची फळंही तू कधी पिकू दिली नाहीस. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माझं पोट बिघडलं आहे, जिना चढताना कानात शिट्टी वाजते आणि छातीत डाव्या बाजूला सारखं काहीतरी टकटक करत असतं (डॉक्टर म्हणाले, ते हृदय आहे, करू द्या), पण बाकी क्षेमच म्हणायचं.

तुला लेकीचा फोन आला असेलच. आई-बाबा म्हातारपणी चळले, जन्माची पुंजी बाहुल्यांवर उधळताहेत, आत्या, तुम्ही थोरल्या आहात, चार शब्द सुनवा, असं ती म्हणाली असणार. मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस, तिच्यासारखं मुद्देसूद बोलणं मला जमत नाही. पण एकाच बाजूचं ऐकून तू माझ्यावर रागावलीस तर माझं पोट आणखी बिघडेल, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. चष्मा लाव आणि दाराला कडी घाल. तुझी शेजारीण मागून वाचते.

तुला ठाऊक आहे, मी काचेच्या बल्बच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात जन्म काढला आणि हिने शाळेचे गणवेश शिवायच्या दुकानात. तोच निळा रंग, तीच कॉलर, तीच दोन खिशांची पद्धत. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो आणि आमच्या लक्षात आलं की आपली एकमेकांशी फारशी ओळख नाही. ही विचारायची, चहा करू? मी म्हणायचो, कर. इथे संभाषण संपायचं. मग एक दिवस नळाचा वायसर शोधायला आम्ही जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे एका फुटक्या बादलीत एक बाहुली डोकं खाली पाय वर करून बसलेली. अंगावर सूत नाही, एक डोळा उघडा, एक मिटलेला, तुझ्या यजमानांची वामकुक्षी आठव, अगदी तसा. ही म्हणाली, अगंबाई, हिला कोणी बुडवली? वायसर राहिला, बाहुली घरी आली. (नळ अजून गळतो. खाली भांडं ठेवलंय.)

त्या दुपारी हिने तिला झगा शिवला. अक्का, जन्मभर सरळ शिवण मारलेली बाई ती! झालर लावायला बसली ती उठेचना. एक थर लावला, दुसरा लावला, तिसरा लावताना चक्क गाणं म्हणायला लागली. मला वाटलं हिला ताप चढला, मी थर्मामीटर आणला. पण ताप नव्हता, आनंद होता. घरात त्याची सवय नव्हती म्हणून ओळखू आला नाही. मग मी बाहुलीला पुठ्ठ्याचं आसन केलं, पाठीला टेकू दिला, वाऱ्याने पडू नये म्हणून कमरेला रबर लावलं. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेली ही पहिली वस्तू. मुलं सोडून.

आता एक बाहुली घरात आली की तिला सोबत नको का? अशा सोबती वाढत गेल्या. चष्मेवाली आहे तिला आम्ही मास्तरीणबाई म्हणतो. एक गाल फुगवून बसलेला बाहुला आहे, त्याला जावईबापू म्हणतो, कारण त्याला चांगली खुर्ची दिली नाही तर तो घसरतो. एक आहे खुदखुदी, पोट दाबलं की हसते आणि हात काढेपर्यंत थांबत नाही. काळजी मात्र मला कमी नाही. पंखा लावला की केस उडतात म्हणून पंखा बंद, मग आम्हाला घाम, म्हणून खिडकी उघडी, मग धूळ, म्हणून ओला पडदा, मग मास्तरीणबाईंना बुरशी लागेल ही धास्ती. पण ही धास्ती गोड आहे, अक्का. पूर्वी मी पोटाची घ्यायचो.

तर हे सगळं सुखात चाललं होतं. बिघडलं ते बसमध्ये. आम्ही दोघं लांबच्या बाजारातून एक मोठी बाहुली घेऊन येत होतो, दीड वर्षाच्या लेकराएवढी. आता नाजूक माल उघडा नेणं माझ्या रक्तात नाही. वर्तमानपत्राचे तीन थर, वर सुतळी, आणि मांडीवर घट्ट धरून बसलो. कागदातून एक पाय बाहेर राहिला, तो काही केल्या आत जाईना. शेजारच्या बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, अहो आजोबा, लेकराचा जीव गुदमरेल, तोंड तरी उघडं ठेवा! मी घाबरून खरं तेच सांगितलं. म्हटलं, काही होत नाही बाई, डोकं वेगळं दिलंय.

बाई किंचाळल्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. कंडक्टर घंटीच्या दोरीला लोंबकळला. आमच्या हिला वाटलं, समजूत घालावी, म्हणून तिने पिशवीतून डोकं काढून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, हे बघा ना, किती गोड आहे! पुढचा गोंधळ लिहीत नाही, तुझा रक्तदाब आहे. सांगायचं एवढंच की मागच्या सीटवर लेकीच्या सासूबाई बसल्या होत्या. आमच्या विहीणबाई. त्या उतरल्या त्या थेट लेकीकडेच गेल्या असाव्यात, कारण आम्ही घरी पोचून डोकं बसवतो न बसवतो तोच मुलाचा फोन आला. आम्ही दोघं भावंडं रविवारी येतोय, बाबा, बँकेचं कार्ड तयार ठेवा. यापुढे तुमचे पैसे आम्ही सांभाळू आणि दरमहा खर्चाला तुमच्या हातात देऊ.

अक्का, वाच पुन्हा. खर्चाला हातात देऊ! ज्याला मी शाळेत जाताना खाऊला पैसे द्यायचो तो मला खाऊला पैसे देणार. मी तसा भित्रा, तुला माहीत आहे. मनात म्हटलं, देऊन टाकावं कार्ड, कटकट मिटेल. पण हिचा चेहरा पाहिला. तिने हातातली झालर घडी करून ठेवली. ते मला बघवेना. ठरवलं, बाहुल्या लपवायच्या. बाहुल्याच दिसल्या नाहीत तर पोरं म्हणतील सुधारले, आणि कार्ड वाचेल.

मग मी पॅकिंग केलं. काय पॅकिंग केलं म्हणून सांगू! आमच्या खात्याचा नियम होता, खोकं उलटं करून कानाशी हलवायचं, आतून आवाज आला तर पुन्हा भरायचं. एकाही खोक्यातून हूं की चूं नाही. पण एवढी खोकी ठेवायची कुठे? तेव्हा भिंतीला लावून ओळीने मांडली, पाठीला आणखी एक ओळ रचली, वर गादी टाकली, गादीवर चादर. झाला सोफा! रविवारी दोघं आली, मुलगा बसला आणि म्हणाला, वा बाबा, सोफा घेतलात? हा खर्च मात्र शहाणपणाचा केलात. मला इतकं बरं वाटलं की छातीतली टकटकसुद्धा थांबल्यासारखी झाली. (मग थांबली म्हणून घाबरलो.)

मुलगा विमा कंपनीत आहे, त्यामुळे त्याला पुढचं सगळं वाईटच दिसतं. हा गुण माझा. त्याने घसा खाकरला आणि सुरुवात केली. बाबा, उतारवयात माणसाने पैसा जपून... एवढं बोलून तो मागे टेकला आणि सोफा हसला.

बारीकसं, लाडिक हसू. मुलाने आईकडे पाहिलं. आईने भिंतीकडे पाहिलं. मला दरदरून घाम फुटला. खुदखुदी! आवाज येऊ नये म्हणून सगळं केलं, पण तिच्या पोटातले सेल काढायचे राहिले. जन्मभर बल्ब भरले ना मी, बल्ब कधी हसत नाहीत. मुलगा पुढे झुकला, हसू बंद. म्हणाला, आजारपण सांगून येत नाही. मागे टेकला, खी खी खी. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही हसताय? आम्ही इतकं गंभीर बोलतोय आणि हसताय? मी म्हटलं, हो, मीच. आणि तसं हसून दाखवायला गेलो, तर शिंक आल्यासारखा आवाज निघाला. तेवढ्यात मुलगा चिडून धपकन मागे आदळला आणि म्हणाला, ते काही नाही, कार्ड द्या, पैसे आम्ही देत जाऊ! त्यावर खुदखुदी जी सुटली, ती थांबेचना. मग आमची ही सुटली. पदर तोंडात कोंबला तरी खांदे गदागदा हलत होते.

मुलाने गादी फेकली, खोकं फोडलं आणि हाताला आली ती मास्तरीणबाई एका पायाला धरून उचलली. तिचा चष्मा खाली पडला. आणि मग, अक्का, काय झालं मलाच ठाऊक नाही. मी ओरडलो. मी! ज्याने आयुष्यात रिक्षावाल्यालाही आवाज चढवून हाक मारली नाही. म्हटलं, गाढवा, पायाला धरून काय उचलतोस? मानेखाली हात घे! दुसरा कमरेखाली! त्याने घाबरून तसंच केलं आणि तिला तान्ह्या पोरासारखी घेऊन मधोमध उभा राहिला. मला तो इतका लहान दिसला की त्याच जोरात पुढचंही बोलून टाकलं. कार्ड माझ्या खिशात आहे आणि खिशातच राहणार. तुमची शिक्षणं झाली, लग्नं झाली, घरं झाली, त्यात आम्ही हात आखडला नाही. उरलं ते आमचं आहे. आम्ही उधळणार!

ही म्हणाली, उधळणार काय म्हणता, खेळणार म्हणा.

मुलाने वाकून मास्तरीणबाईंचा चष्मा उचलला. लेक मात्र भडकली. कार्ड राहिलं बाजूला, तिने फोडलेल्या खोक्यातून डोकावणाऱ्या त्या मोठ्या बाहुलीच्या झग्याला हात लावला आणि म्हणाली, हिला तीन थर? माझ्या फ्रॉकला एकदा तरी झालर लावलीस का गं आई? दुकानातल्या उरलेल्या निळ्या कापडाचे फ्रॉक घातले मी, वाढदिवसालासुद्धा! कचेरीत हाताखाली माणसं आहेत हो तिच्या, केस पिकायला लागलेत, आणि ओठ कसा काढला होता म्हणून सांगू. ही उठली. मग गळ्यातली टेप काढली आणि म्हणाली, हात वर कर. लेक म्हणाली, आता काय उपयोग? ही म्हणाली, वर कर म्हणते ना, पोट आत घेऊ नको, खरं माप येत नाही. आणि तिने माप घेतलं. मुलगा मास्तरीणबाईंना कडेवर घेऊन विचारत होता, हिला आता ठेवू कुठे?

जाताना दोघं पाया पडली. कार्डाचा विषय पुन्हा निघाला नाही. मुलगा एवढंच म्हणाला की बाबा, आता या वर्षात आणखी एकही बाहुली घेणार नाही असा शब्द द्या, म्हणजे मला झोप लागेल. मी बाप आहे, मला दया आली. शब्द दिला. आणि मी शब्दाचा पक्का आहे, हे तू जाणतेसच. तेव्हा तू निश्चिंत राहा, गुडघ्यांना तेल लाव आणि लेकीचा फोन आला तर सांग, तुझ्या बाबांना अक्कल आली.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : तुमच्या गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद होतोय असं कळलं. लहान मुलांनी कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून तो फोटोवाला एक टोपीवाली बाहुली हातात धरून नाचवायचा. ती तो विकतोय. मी शब्द दिला तो मी विकत घेण्याबद्दल होता. थोरल्या बहिणीने भेट दिली तर नाही कसं म्हणणार? संस्कार आड येतात. तेव्हा शनिवारच्या आत रिक्षा करून जा. मनिऑर्डर केली आहे.

ता. क. २ : रिक्षाचे पैसे त्यातच धरलेत. येताना तिला मांडीवर घे, पण कागदात गुंडाळू नकोस. हिला यातलं काही सांगू नको, तिला चकित करायचं आहे.

ता. क. ३ : वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला हे माझ्याकडेच देतात, हे यांच्या कधी लक्षातच येत नाही. तुम्ही कुठे जाऊ नका, गुडघे सांभाळा. ती टोपीवाली आणायला आपली लेक शुक्रवारी येते आहे, तुमच्याकडेच उतरेल. घरी ऑफिसचं काम सांगून निघणार आहे. अंगात झालरीचा झगा असेल, हसू नका. बाहुली तिला स्वतःसाठी हवी आहे आणि पैसेही तिचे स्वतःचे आहेत. यांना मात्र कळू देऊ नका. पोरगी पैसे उधळते म्हणून हे दुसऱ्या दिवशी तिचं कार्ड मागायला जातील.