पहिला घड

६ ऑगस्ट
सकाळी मेघाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. आमच्या केळी उत्पादक गटाची वेबसाइट तिच्याकडे सोपवली आहे. आधीच्या माणसाने लिहिलेला कोड दाखवला. बाग, कापणी, भाव, गाड्या, सगळं एकाच फाइलीत. भाव बदलला की कापणी बिघडते. अशी मांडणी माझ्या स्वयंपाकघरात खपली नसती.
म्हणाली, "आई, कामाचे नियम मधे ठेवते. डेटाबेस, स्क्रीन बाहेर. नियम तू सांग."
म्हणजे रोज फोन. एरवी महिन्यातून एकदा, तोही घाईत.

१० ऑगस्ट
बाग, कापणी, विक्री यांचे विभाग वेगळे. विक्रीने बागेत डोकावायचं नाही, वजन मागायचं. पटलं.
वीस मिनिटं बोललो. जेवलीस का विचारायचं राहिलं.

१४ ऑगस्ट
गटातल्या सुपडूभाऊंच्या बागेवर चाचणी. कापणीपेक्षा विक्रीत एक घड कमी, म्हणून लाल खूण.
सुपडूभाऊ भडकले. "चूक नही ताई! पहिला घड आंडेरना शे. लेकीना घड कोन इकस? तुमना कॉम्प्युटरले आंडेर नही शे का?"
ऑफिस हसलं. पहिला घड लेकीला, तो विकायचा नाही, हा नियम मला ठाऊक होता. मेघाला सांगितला नव्हता. का, ते इथेही लिहीत नाही.

१५ ऑगस्ट
सांगितला. "बरं," म्हणाली. मग एकदम कामाचं. हे स्क्रीनवर तपासून भागणार नाही, कापणीच्या नियमातच बसवायचं. घड कोणत्या लेकीला दिला ते नाव भरल्याशिवाय कापणीची नोंद होणार नाही.
कोडमधे शब्द 'आंडेर'च ठेवला. मी म्हटलं, तुला घरात अहिराणी बोलू दिली नाही, आणि हे काय?
"इथे तुझं चालत नाही. गट बोलतो तेच शब्द."

२३ ऑगस्ट
काम संपलं. उत्तम चालतं. रोजचे फोन बंद.
संध्याकाळी मीच केला. डागी मालाचं काय, विचारलं.
"आई, ते गेल्या आठवड्यातच झालं."
माहीत होतं.

३० ऑगस्ट
उद्या म्हसावदला आपल्या बागेची कापणी. नोंद भरायला बसले. 'पहिला घड, आंडेर:' इथे अडले. मेघा कापणीला नसते, म्हणून दरवर्षी घड शेजारच्या शोभाच्या मुलीकडे जातो. तिचं नाव टाकलं असतं तर दोन मिनिटांचं काम.
मेघाला फोन. "ती चौकट काढून टाक."
"नियम तूच दिलास."
"मग नाव कोणाचं टाकू?"
उद्या वार कोणता, तिने विचारलं. मग, "कापणी परवावर नाही ढकलता येणार?"
"कशाला?"
तिकडून कोणी तिला हाक मारली. "थांब, फोन करते," म्हणाली. अजून केलेला नाही.
गाडीवाल्याला उद्या येऊ नको म्हणून कळवलं. कुरकुरला, "ताई, माल झाडवरच पिकी जाई."
पिकू दे म्हटलं.
चौकट रिकामी ठेवली आहे.