गालाच्या कॅन्सरचं बटण

६ जानेवारी २०२५
या वर्षी पेपर छापायचाच. मोठ्या जर्नलमध्ये. लहान जर्नलना माझं काम पेलणार नाही.
कॅन्सरच्या पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप मिळतो आणि तो आत एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे जातो. मधलं बटण मला सापडलंय. माझं कंपाउंड टाकलं की बटण बंद, गालाच्या कॅन्सरच्या पेशी खलास. इतकं सोपं असून कोणाला सुचलं नाही, जगाची कीव येते.

९ जानेवारी
किळस. लॅबमधला पेशी वाढवायचा इन्क्युबेटर उघडला तर आत बुरशी, कुजक्या पावासारखा वास. लॅबखाली कॅम्प चारच्या कारखान्यांच्या गल्लीत ग्राइंडरची घरघर. यात संशोधन करा. रिद्धी, माझी पीएचडीची विद्यार्थिनी, म्हणते दरवाजा काल तुम्हीच उघडा ठेवला होता. असेल. विचारात होतो.

१२ जानेवारी, रविवार
बुवापाड्याला आईकडे. तिने सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की माझ्या राजरत्नने कॅन्सरचं औषध काढलं. तसं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण लोक इतक्या आदराने बघत होते की मिटलं.
शेजारचे भीमरावकाका गालातली जखम दाखवायला आले. पांढरा चट्टा, मध्ये लाल. कधीची भरत नाही. कॅन्सरच, असा माझा अंदाज. तंबाखूचा वास असह्य. तरी बराच वेळ समजावलं, बटणाचं चित्रही काढून दिलं.
काकांनी विचारलं, “मग तुझं औषध येईपर्यंत थांबू का?”
मी म्हटलं, थोडंसं.
यशोधरा तिथेच म्हणाली की उद्याच हॉस्पिटलात जायचं. बायको नर्स असली की हेच. संशोधनाची दृष्टी नाही.

२० जानेवारी
यशोधराने रजा काढून काकांना नेलं होतं. बायोप्सीत कॅन्सरच निघाला. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. हे तिला सांगितलं.
“तू त्यांना थांबायला सांगितलंस,” ती म्हणाली. जेवायलाही बसली नाही.
भाजी चांगली झाली होती. मलाही गेली नाही.

३ फेब्रुवारी
पेपर पाठवला. रिद्धीचं म्हणणं, सर, या पेशी गालाच्या वाटत नाहीत, आधी तपासून घेऊ. तिला झापलं. पेशींचा फ्लास्क मला दुसऱ्या लॅबमधल्या मित्राने स्वतः हातात दिला होता, वर मार्करने पेशींचं नाव घातलेलं. आणखी काय पाहिजे?

२० फेब्रुवारी
काकांचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो. सर्जन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर जबडा काढावा लागला असता. मी विषय बदलला.
काकांच्या तोंडाला पट्ट्या, बोलता येत नाही. त्यांना निरोपाचं, बटणाचं सगळं सिग्नलिंग पुन्हा नीट सांगितलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मला न तोडता ऐकलं. मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

१८ मार्च
पेपर परत. आधी पेशींची डीएनए तपासणी करा म्हणे. शिसारी आली. पेशींनी आता आधार कार्ड दाखवायचं. नमुना पाठवलाय. रिपोर्ट तोंडावर मारीन त्यांच्या.

११ एप्रिल
रिपोर्ट आला. पेशी गालाच्या नाहीत. माणसाच्याही नाहीत. उंदराच्या आहेत.
लॅब फालतू असणार. दुसरीकडे पाठवलं.

२५ एप्रिल
दुसरीकडेही उंदीर. मित्राला फोन केला. तो म्हणाला, त्या काळात आमच्याकडे उंदराच्या पेशीही वाढवायचे, कधीतरी मिसळल्या असतील. हसत होता. नालायक.
रिद्धीने दोन्ही रिपोर्ट फाइलला लावले. तेच जास्त झोंबलं. सगळ्या फ्लास्कमध्ये ब्लीच ओतलं. हात धुऊन धुऊन वास जात नाही. बदलापूरला घरी पोचलो तरी येतोय.

२७ एप्रिल, रविवार
बुवापाडा. काका ओट्यावर बसून चमच्याने पेज पीत होते. हात जोडून उभे राहिले. मीही जोडले. मग कळलं, मागून यशोधरा येत होती.
आईला सगळं सांगितलं. बटण, पेशी, उंदीर, सगळं. ती तांदूळ निवडत ऐकत राहिली.
“उंदरांना होतो का रे कॅन्सर?”
होतो म्हटलं.
“मग तेवढं तरी झालं,” ती म्हणाली आणि भात टाकायला उठली.