पायातलं

रविवार, संध्याकाळ.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलोय. आत्ताच लेकीचा व्हिडिओ कॉल संपला. इंग्लंडात गाईडबरोबर यॉर्कची जुनी पेठ बघत हिंडत होती, मलाही दाखवली. लाकडी घरांचे वरचे मजले रस्त्यावर कसले झुकलेत! मध्येच म्हणाली, "बाबा, मी इकडंच राहायचं ठरवलंय." हे काय चालता चालता सांगायचं असतं? मी नुसतं "बरं" म्हटलं.

मग मोठं चर्च आलं. ती तशीच आत निघाली. मी ओरडलो, "अगं, पायातलं काढ की!"

"बाबा, इथं कुणी काढत न्हाय."

खाली बघतो तर माझ्याच चपला काढलेल्या. कधी काढल्या कोण जाणे.

फोन बंद करताना तिचा कॅमेरा खाली वळला. दगडी फरशीवर तिचे पाय दिसले. नुसते मोजे होते.