निळ्या खोलीतले रंग

३ नोव्हेंबर

डबा आला. कुरिअरवाल्याला आता घर पाठ आहे, तरी ओसरीवर उभा राहून मोठ्यानेच विचारतो, "मॅडम, परत मेकअप का?" सासरे, आमचे मामाजी, पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही, पान मात्र उलटायचं थांबलं. सही केली, डबा उचलला, खोलीत येऊन दार लावलं.

आयशॅडोच्या पांढऱ्या छोट्या डब्या, वर नुसते आकडे. कंपनीचं नाव नाही, रंगाचं नाही. दुकानात जातील तेव्हा सोनेरी झाकण, आत आरसा, आणि भाव असा की मोहाडीत कोणी झाकणही उघडून बघणार नाही. पण विकत घेणाऱ्या सगळ्यांच्या आधी बोट माझं बुडतं.

क्र. ३ : बोट टेकवलं न टेकवलं तोच पसरली. पिठूळ नाही. ओलसर भासते, ओली नाही. अशी पावडर हाताला लागली की मला मनापासून बरं वाटतं. विशाल गेल्यापासून बरं वाटायच्या जागा तशा कमीच.

५ नोव्हें.

क्र. ७ : डबीत राखाडी, हातावरही राखाडी. क्र. ८ : तेच. ९ : मातकट, थंड छटेची. असं कसं सगळंच थंड बनवलं यांनी या खेपेला? लिहून टाकलं तसंच. क्र. १० ची चमक जाडी, कणी दिसते. ब्रश फिरवला की खाली गालावर सांडते. नापास.

मनगटाच्या आतल्या बाजूला लावते. पापणीवर फक्त आंघोळीच्या आधी, दोन मिनिटं, फोटो काढायचा आणि लगेच साबण. नागपूरला मेकअपच्या काउंटरवर होते तेव्हा दिवसभर डोळे रंगलेले असायचे, ग्राहकच म्हणायच्या, तुमच्या डोळ्यांवर आहे तेच द्या. देवयानी मॅडम पुण्याच्या लॅबमधून यायच्या तेव्हा मला बाजूला बोलावून दोन सारख्या दिसणाऱ्या डब्या पुढे ठेवायच्या. मी फरक सांगायचे. त्यांनी माझा नंबर ठेवला, म्हणून हे नमुने तपासायचं घरबसल्या काम. लग्न, सासर, विशालचा अपघात, या सगळ्यातून तेवढं एक माझं वाचलं.

९ नोव्हें.

मामाजी विशालच्या ऑफिसात जाऊन आले. खूश होते. अनुकंपाचं जमतंय. विशालच्या जागी मला घेतील, इथेच, मोहाडीत. ही नोकरी घरातून एकालाच मिळते आणि मामाजी-आत्याबाईंना विशाल एकुलता, म्हणजे मी घेतली तर घेतली, नाहीतर ती जागा गेली. मामाजी शिक्षक होते, पेन्शन आहे. पैशाचा प्रश्नच नाही. मी इथे असावं, हा प्रश्न आहे.

सासूबाई, आमच्या आत्याबाई, जेवताना म्हणाल्या, "पोरगा नाई, तं पोराची खुर्ची तरी घरातच राहीन." मी वरण वाढत होते, वाढत राहिले.

मामाजींविरुद्ध मला काही बोलता येत नाही. विशालची माती झाली त्या दिवशी गल्लीतल्या दोन-चार बाया माझ्या बांगड्यांसाठी पुढे आल्या होत्या. मामाजी दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, आमच्या घरी हे चालत नाही. महिना उलटायच्या आत स्वतः जाऊन हिरवी साडी आणली. कोणाच्या सासऱ्याने केलं असतं? त्या एका गोष्टीपुढे माझं नंतरचं प्रत्येक 'नाही' तोंडातच राहिलं आहे.

१५ नोव्हें.

मॅडमचा फोन. आवाज नेहमीसारखा नव्हता. "सुकेशिनी, तुमच्या सगळ्या नोंदी एकाच बाजूला झुकल्यात. पोताबद्दल एकही चूक नाही. पण उबदार रंगांना तुम्ही राखाडी म्हणताय. विटकरीला मातकट. डोळे तपासून घेतलेत का?"

डोळे. माझ्याकडे आहे काय दुसरं.

दिवसभर कामात लक्ष नाही. भाजी खारट. आत्याबाईंनी घासागणिक पाणी प्यायलं.

१६ नोव्हें.

सापडलं.

सकाळी हातावर सात, आठ, नऊ लावून बसले होते. अंगणात तांदूळ वाळत घातलेले. आत्याबाई ओरडल्या, गाय आली, गाय आली. तशीच धावले. गाय हाकलली, हात वर केला आणि हात तसाच राहिला. सात गाजरी. आठ पिकलेल्या जांबासारखी, पेरू आतून असतो तशी गुलाबी. नऊ चक्क वीट. आत राखाडी होत्या त्या तिन्ही.

परत आत आले. राखाडी. बाहेर. वीट. आत्याबाई म्हणाल्या, "काय आतबाहेर करून राहिली व?"

भिंत. आमची खोली निळी आहे. चारही भिंती, आणि खिडकीचा पडदाही निळाच. लग्न ठरलं तेव्हा मामाजींनी हौसेने गडद निळा रंग लावून घेतला होता, आपला रंग आहे म्हणून. दार लावलं की त्या भिंतींवरून परतलेला तेवढाच उजेड. त्यात बसून मी पुण्याला कळवत होते की तुमची वीट राखाडी आहे. सवयीने मला भिंत दिसायचीच बंद झाली होती.

लाज वाटली. मग राग आला, तो कोणावर काढायचा ते कळलं नाही. तांदळातले खडे वेचत बसले.

१७ नोव्हें.

मॅडमना खरं ते सांगितलं. त्यांनी भिंतीचा रंग नेमका विचारून घेतला. मग म्हणाल्या की पांढऱ्या भिंतीजवळ किंवा उघड्यावर बसा, सकाळी, ऊन थेट नको. सगळे नमुने पहिल्यापासून. आणि पापणीवर लावून निदान सकाळभर ठेवा, दोन मिनिटांत काय कळणार. थोड्या सुरकुतलेल्या पापणीवरही हवं, चाळिशीच्या पुढच्या बायकाच हे विकत घेतात.

शेवटी म्हणाल्या, जानेवारीपासून पुण्यात पूर्ण वेळ एक जागा आहे. रंग आणि पोत, दोन्ही बघणारी. "या नोंदी बरोबर आल्या तर मी तुमचं नाव देते."

फोन ठेवला, वही उघडली. मला जायचं आहे. इथे लिहिते म्हणजे एकदा तरी कुठे म्हटल्यासारखं होईल. मला जायचं आहे.

पण सकाळभर, उघड्यावर, डोळ्यांना लावून. इथे.

२० नोव्हें.

वरच्या मोकळ्या स्लॅबवर गेले. मामाजी फिरायला गेले की तासभर मिळतो. क्र. ३, ४, ७ दोन्ही पापण्यांवर. काय उजेड होता! ३ खरी कशी आहे ते आज कळलं : तांब्याची, पण तांबं ओरडत नाही. पापणीच्या घडीत साचत नाही. ४ जरा कोरडी, कड पुसट करायला जास्त हात लागतो.

शेजारच्या स्लॅबवर बेबीबाई मिरच्या वाळवायला आल्या. बघत राहिल्या. "काय व सुकेशिनी, कोनाचं लगन हाय?" मी कामाचं आहे म्हणाले. त्या हसल्या. मिरच्या पसरायला एवढा वेळ लागत नाही.

२१ नोव्हें.

मामाजी ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, "बेटा, मी तुले कधी अडवलं का?"

मी नाही म्हणाले.

"मंग आता थोडं थांब. ऑर्डर निघून राहिली. कोनी ऑफिसात जाऊन सांगितलं का पोरगी दुसरं घर पाहून राहिली, तं कुठं फिरू मी?"

दुसऱ्या लग्नाची गोष्टच कुठे आहे? पण बेबीबाईंना जे दिसलं ते गल्लीला दिसणार, आणि गल्लीला दिसलं ते मामाजींच्या लेखी साहेबापर्यंत पोचणार. रंगीत साडी चालते, डोळ्यांना रंग म्हणजे नवरा शोधते. हे मामाजींनाही पटलेलं नाही, फक्त त्यांना भीती वाटते. भीती वाटणाऱ्या चांगल्या माणसाशी भांडायचं कसं ते मला येत नाही.

मी बरं म्हणाले. म्हटलं आणि दिवसभर स्वतःचा राग आला.

२३ नोव्हें., रविवार

मामाजी विहारात. आत्याबाई खोलीत आल्या, दार स्वतःच उघडं ठेवलं आणि म्हणाल्या, "माह्या डोळ्याले लाव. तुले म्हाताऱ्या कातडीवर पायजे नं? फोनवर बोलत होती तं आयकलं म्या. आन माह्यं कोन लगन लावते?"

हसू आवरेना. मागे परसात, सांदवाडीत नेलं, निंबाखाली खुर्ची टाकली. पापणी पातळ, मऊ, घड्याच घड्या. क्र. ३ तिथेही घडीत साचली नाही. ११ मात्र तासाभरात रेघांत जाऊन साचली. आत्याबाई डोळे मिटून अगदी स्थिर. शाळेत फोटो काढताना पोरं बसतात तशा.

आरसा दिला तर बराच वेळ बघत होत्या. "लग्नात हळद लागली होती. त्याच्यानंतर या तोंडाले कोनं हातच नाई लावला," म्हणाल्या. पुसताना मीच जरा उशीर केला.

३० नोव्हें.

परत आत्याबाईंच्या पापण्यांवर, आणि माझ्या मनगटावर. सांदवाडीत. सगळे नमुने झाले. पाठवले. मान दुखते आहे.

४ डिसें.

ऑर्डर आली. मामाजी पेढे घेऊनच घरात शिरले. सोमवारी पंधरा तारखेला रुजू व्हायचं, शेवटची मुदत. सासू-सासऱ्यांचा सांभाळ करीन असं लिहून द्यायचं आहे. सांभाळणार नाही असं कधी म्हटलं मी? पण हे कागदावर लिहून द्यायचं?

मामाजी विशालच्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. पाठ हलत होती. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दुपारी मॅडमचा निरोप : सगळ्या नोंदी जुळल्या, काही ठिकाणी यंत्रापेक्षा नेमक्या. जागा तुमची. पंधरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा.

एकाच दिवशी. मी पेढा खाल्ला.

६ डिसें.

पांढऱ्या साड्या, विहार, मेणबत्त्या. मामाजी बोलायला उभे राहिले. बाईच्या स्वातंत्र्यावर बोलले, चांगलं बोलले, आणि मग माझं उदाहरण दिलं. माझ्या सुनेच्या हातातली बांगडी फुटली नाही. माझी सून पंधरा तारखेला नोकरीवर रुजू होते आहे. टाळ्यांचा दिवस नव्हता, पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बायांनी कौतुकाने बघितलं. बेबीबाईंनीसुद्धा.

मी मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं, नम्र आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं, म्हणून तर मान वर करता येईना.

१० डिसें.

आणखी एक नमुना आला, ३ चीच सुधारलेली. पाण्यात टिकते का बघायची होती. आत्याबाई आपणहून खुर्ची घेऊन बसल्या. पापणीवर ब्रश फिरवत होते, नजरेला नजर असती तर बोलले नसते, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. सांगून टाकलं. पुणे. जानेवारी. जायचं आहे.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. कडेने पाणी यायला लागलं.

"आत्याबाई."

"तू लाव. झालं नाई नं अजून."

लावलं. मग म्हणाल्या, "तू गेली तं ह्या घरात आमी दोघंच एकमेकाच्या तोंडाकडे पाहात बसू. जा म्हनाले पायजे मले. तोंडातून निघत नाई, बाई. काय करू?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. बऱ्याच वेळाने वर बघितलं तर गाल ओले, पापणीवरचा रंग जागच्या जागी. पसरला नाही, फाटला नाही. आणि माझ्या डोक्यात पहिलं आलं ते, टिकाऊपणा : उत्तम. मी अशी कशी झाले?

तसंच लिहून पाठवलं. कशाच्या पाण्याने ते लिहिलं नाही.

१३ डिसें.

मामाजींना मीच सांगितलं. ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी अडवत नाई. आधी रुजू हो. मंग पाहू."

मंग पाहू. एकदा टेबल मिळालं, सही झाली, विशालच्या खुर्चीत बसले की मग कोणी काही पाहणार नाही. त्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे. आम्ही दोघं एकमेकांशी फार नीट बोललो.

माहेरी करडीला फोन केला. माय म्हणाली, सरकारी नोकरी आणि असे सासूसासरे, पाय धुऊन पाणी पी. फोन मीच ठेवला.

१५ डिसें., सोमवार

साडेनवाला निघायचं. सकाळी आंघोळ करून हिरवी साडी नेसले. डबी उघडली. अंगणात, उजेडात, आरसा कट्ट्यावर ठेवून दोन्ही पापण्यांना ३ लावली. नमुना म्हणून नाही. नोंद करायची नव्हती. साबण घेतला नाही.

मामाजी कडक इस्त्रीच्या शर्टात गाडीपाशी उभे. माझ्याकडे बघितलं. बेबीबाईंच्या स्लॅबकडे बघितलं. मग हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "बेटा, पुसून ये."

आत आले. खोलीत न जाता मी स्वयंपाकघरात बसले आहे. मॅडमचा नंबर समोर आहे, अजून काही कळवलं नाही. आत्याबाईंनी ओला रुमाल आणून हातात दिला. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पुसाचं तं पूस, नाई पुसाचं तं नको पुसू. पन आज जे करशीन ते तूच कर, आमच्या तोंडाकडे नको पाहू." आणि चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मांडीवरच्या रुमालाचं पाणी साडीवर ठिबकतंय. बाहेर हॉर्न वाजला. आले, मी आतून म्हणाले. अजून उठलेली नाही.